काचपट्टीमागचे डॉक्टर

१९९४ साली मी बँकेच्या सांगली शाखेत अधिकारी होतो. साताऱ्याहून आमची ताई एसटीने कराडमार्गे आली ती स्तनात गाठ घेऊनच. शस्त्रक्रिया झाली. काखेतल्या लसिकाग्रंथी स्वच्छ निघाल्या, तेव्हा घरात पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. आठवड्याने पॅथॉलॉजीचा कागद आला. त्यातली एक ओळ सर्जनांनी दोनदा वाचली. गाठीलगतच्या बारीक लसिकावाहिन्यांत कर्कपेशी दिसल्या होत्या. त्यांनी केमोथेरपीचे बोलणे काढले.

ही ओळ लिहिणारा माणूस रोग्याला कधी दिसतच नाही, हे मला त्या दिवशी कळले. पुढे या विद्येविषयी वाचत गेलो, आणि एक नाव मनात बसले : डॉ. वसंत रामजी खानोलकर.

जन्म १८९५ चा. लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातली एम.डी. मिळवून ते मुंबईला परतले. दवाखाना थाटून नाव-पैसा मिळवणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी सूक्ष्मदर्शक निवडला. वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवले. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, केसाहून पातळ काप काढायचा, रंगवून काचपट्टीवर वाचायचा, हे ते काम.

पण काचपट्टीमागे माणूस असतो, हे ते विसरले नाहीत. १९४४ साली मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या हजार रुग्णांचा आढावा त्यांनी प्रसिद्ध केला. पारशी स्त्रियांत स्तनाचा, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक, हा फरकही त्यांनी नोंदवला आणि त्याची कारणे राहणीत शोधली. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले, त्याचे ते पहिले संचालक. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९७८ साली ते गेले.

बँकेत अफरातफर झाली की आम्ही नुसती शिल्लक पाहत नसू. पैसा कोणत्या वाटेने गेला ते आधी पाहत असू. लसिकावाहिनी ही कर्करोगाची तशीच वाट. काखेतली ग्रंथी हा पुढचा मुक्काम. मुक्कामाला कोणी पोचलेले नसले, तरी वाटेवर पाऊल दिसले तर रोग उलटण्याचा धोका वाढतो. मात्र ती ओळ म्हणजे निकाल नव्हे. गाठीचा आकार, तिची प्रत, संप्रेरकांच्या चाचण्या हे सारे जोडीला धरूनच उपचार ठरतात.

ताईने केमोथेरपी घेतली. केस गेले, पुन्हा आले. ती आणखी अकरा वर्षे जगली. नातवाची मुंज तिने स्वतः उभी राहून केली.

वाचकहो, घरात असा कागद आलाच, तर घाबरून कपाटात ठेवू नका. डॉक्टरांसमोर बसून त्यातली ओळ न् ओळ समजून घ्या. कुणीतरी तुमच्यासाठीच डोळे ताणून ती लिहिलेली असते.