क्लॉद बेर्नार: बेडकाच्या एका पायाने उघड केलेलं विष

मावळात भातखाचरांच्या कडेला मण्यार निघते. रात्री झोपेत चावते आणि कधी दंशाची खूणही दिसत नाही. सुदुंबरेच्या आसपास कुणालाही विचारा, या सापाचं नाव निघताच माणूस सावध होतो. विष भिनलं की पापण्या मिटतात, जीभ जड होते, शेवटी श्वास थांबतो. नातेवाइकांना वाटतं, माणूस गेला. पण त्याला व्हेंटिलेटर मिळाला, तर तो आतून बहुधा जागा असतो आणि आजूबाजूचं बोलणं ऐकत असतो. स्नायू बंद पडले तरी शुद्ध जात नाही, हे प्रयोगाने दाखवणारा माणूस म्हणजे फ्रान्सचा क्लॉद बेर्नार.

जन्म 12 जुलै 1813, बोजोले भागातल्या सें-जुलियें गावचा. घरची द्राक्षमळ्याची शेती, पैसा बेताचा. लियोंजवळ एका औषधाच्या दुकानात तो उमेदवारी करू लागला. तिथे उरलंसुरलं, बिघडलेलं सगळं एका भांड्यात टाकून सर्व रोगांवरचं औषध बनवत. ते पाहून त्याचा औषधांवरचा विश्वास उडाला असावा. मन मात्र नाटकात होतं. 1834 मध्ये पाच अंकी नाटक घेऊन तो पॅरिसला गेला. एका नामांकित समीक्षकाने वाचून सल्ला दिला, की आधी पोटापाण्याचं बघ, डॉक्टरी शीक. रंगभूमीचं त्यात फारसं नुकसान झालं नाही.

वैद्यकशास्त्रात तोही सामान्यच विद्यार्थी. पण शरीरक्रियाशास्त्रज्ञ माजांदी यांच्या हाताखाली आल्यावर त्याचे हात बोलू लागले. 1843 मध्ये पदवी मिळाली, 1845 मध्ये लग्न झालं. पत्नीच्या हुंड्यावर संशोधन चाललं. पुढे जिवंत प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून घरात वितुष्ट आलं, पती-पत्नी वेगळी झाली. तिचा राग मला अनाठायी वाटत नाही, कारण तेव्हा भूल न देताही प्राणी कापले जात.

दक्षिण अमेरिकेतले शिकारी बाणाला लावतात ते क्युरारे विष 1844 च्या सुमारास त्याच्या हाती आलं. बेर्नारने बेडकाच्या एका मागच्या पायाचा रक्तपुरवठा बांधून टाकला, नस मात्र मोकळी ठेवली. मग पाठीच्या कातडीखाली विष दिलं. सारा बेडूक लुळा पडला, बांधलेला पाय सोडून. आता लुळ्या भागाला चिमटा घेतला, की तो एकच पाय झटका देई. म्हणजे वेदना आत पोचत होती, हुकूमही सुटत होता. लुळ्या स्नायूला थेट विजेचा झटका दिला, तर तोही आकुंचन पावे. स्नायू शाबूत, संवेदना शाबूत, अडथळा हालचालीच्या नसेच्या स्नायूकडल्या टोकाशी. नेमकी फट पुढच्या संशोधकांनी दाखवली. 1864 मध्ये एका लेखात त्याने लिहिलं, की हा मृत्यू बाहेरून शांत दिसला तरी आतून भयंकर असावा.

यकृतात साखर कशी साठते हेही त्यानेच शोधलं. 1865 मध्ये प्रायोगिक वैद्यकावरचं त्याचं पुस्तक आलं. 10 फेब्रुवारी 1878 ला तो वारला आणि फ्रान्सने पहिल्यांदाच एका शास्त्रज्ञाची अंत्ययात्रा सरकारी इतमामात काढली.

1942 मध्ये माँट्रियलला डॉ. हॅरॉल्ड ग्रिफिथ यांनी शस्त्रक्रियेत क्युरारे वापरलं. आज आयसीयूत त्याच्या वंशातली औषधं धनुर्वातात किंवा फुप्फुसं फारच आजारी असताना देतात. किती द्यायचं, हे नुसत्या वजनावरून कळत नाही. मूत्रपिंड किंवा यकृत थकलेलं असेल, तर काही औषधं साचत जातात आणि अशक्तपणा लांबतो. म्हणून मनगटाच्या करंगळीकडल्या बाजूला दोन पट्ट्या चिकटवून नसेला अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने चार सौम्य झटके देतात आणि अंगठा किती वेळा हलला ते मोजतात. ही पद्धत 1970 मध्ये लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी मांडली. चारही झटके सारखेच जोरदार आले, तर औषधाचा असर बराच उतरलाय. एकही नाही आला, तर मात्रा बहुधा गरजेपेक्षा जास्त आहे. सहसा एक-दोन झटके शिल्लक राहतील एवढीच मात्रा ठेवतात. हात सुजलेला असेल, तर मोजणी फसते.

पण अंगठा फक्त स्नायूंचं सांगतो, शुद्धीचं नाही. म्हणून आधी गाढ झोपेचं आणि वेदनाशामक औषध चालू करतात, मग हे. आणि अनेक परिचारिका अशा पेशंटची कूस बदलण्याआधी त्याला नावाने हाक मारून सांगतात.