खाचेवर कोरलेलं नाव

गेल्या पावसाळ्यात ऐन ओरलच्या सकाळी माझी सायकल पंक्चर झाली. जवळ पाना नाही, चाकाचे नट गंजलेले. ढकलत कॉलेजात पोचलो तोवर माझा नंबर पुकारून झाला होता. त्या रात्री रूमवर वैतागून सायकलींबद्दल वाचत बसलो आणि तुल्लिओ कॅम्पान्योलो भेटला. म्हटलं, हा तर आपल्यातलाच!

जन्म १९०१, इटलीतलं विचेन्झा. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, त्यामुळे लोखंडाशी दोस्ती लहानपणापासून. पुढे पोरगा हौशी रेसर झाला. तेव्हा गिअर बदलायचा म्हणजे उतरायचं, मागचं चाक काढायचं आणि उलटं करून बसवायचं. दोन्ही बाजूंना वेगवेगळी दातेरी चक्रं असायची. नोव्हेंबर १९२७ मध्ये क्रोचे द'आउने घाटात बर्फ पडत होता, बोटं बधिर झालेली, विंग नट काही फिरेना. रेस गेली. ही गोष्ट कंपनीच्या तोंडची आहे आणि तिच्या तपशिलावर अभ्यासक आजही वाद घालतात. पण पुढचं काम लोखंडात आहे, ते डोळ्यांनी बघता येतं.

१९३३ साली त्याने विचेन्झातच कंपनी काढली. क्विक रिलीज ही तिची ओळख: पोकळ आस, आरपार सळई, टोकाला कॅमची दांडी. दांडी ओढली की चाक मोकळं, पाना लागतच नाही. मग आला कांबिओ कोर्सा. मागच्या नळीवर दोन दांड्या. एकीने धावत्या सायकलचं चाक सैल करायचं, दुसरीने चेन सरकवायची, तेही पायडल उलटं मारत! चाक तिरकं होऊ नये म्हणून फ्रेमच्या खाचेला दाते आणि आसाला पिनियन. म्हणजे आपलं रॅक-पिनियनच की! याच गिअरवर जिनो बार्ताली १९४८ ची टूर द फ्रान्स जिंकला. १९५० च्या सुमारास ग्रान स्पोर्त आला. त्यात समांतरभुज यंत्रणा होती, थिअरी ऑफ मशीन्समधलं फोर-बार. दाते गेले. गिअर अडकवायला खाचेखाली आट्यांचा कान आला.

मित्रांनो, जुनी स्टीलची रेसिंग फ्रेम ओळखताना म्हणूनच जाणकार वाकून मागची खाच बघतात. रंग नवा मारता येतो, स्टिकर बदलता येतात, चाकंही बदलतात. खाच मात्र नळ्यांना ब्रेझिंगने जोडलेली असते, ती सहसा तीच राहते. दाते असले तर कांबिओ कोर्साचा जमाना. सपाट खाच आणि कान असला तर, ढोबळमानाने, त्यानंतरचा. पत्रा कापून केलेली खाच स्वस्तातली, घडीव पोलादाची चांगल्या फ्रेमची. फ्रेम दुसऱ्याच कारागिराची असते, पण खाचेवर नाव असतं कॅम्पान्योलोचं.

१९८३ मध्ये तो गेला. न फिरलेल्या एका नटाचा पिच्छा त्याने आयुष्यभर सोडला नाही.

मी काय केलं? सीटखाली एक पाना बांधलाय. ओरल पुढच्या सेमला.