परीक्षांनी नाकारलेला लोकशिक्षक

नरहर कुरुंदकर यांच्या आयुष्याचा आलेख कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाला कोड्यात टाकणारा आहे. महाविद्यालयात शिकत असताना इंटरच्या परीक्षेने त्यांना पुन्हा पुन्हा अपयश दिले. पुढे हेच गृहस्थ नांदेडच्या पीपल्स कॉलेजात मराठीचे अध्यापक आणि त्यानंतर त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. इतिहास, राजकारण, धर्मशास्त्र, साहित्यशास्त्र आणि संगीत अशा दूरदूरच्या विषयांवर त्यांचा अधिकार महाराष्ट्राने मान्य केला. अवघे ४९ वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या विचारवंताचे चरित्र एका विद्वानाची कथा तर आहेच. प्रौढ माणूस कसा शिकतो, आणि मुळात शिकायला का येतो, या प्रश्नाचे उत्तरही त्यात दडलेले आहे.

कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी वसमत तालुक्यातील कुरुंदा या गावी झाला. तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेले हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे. मराठवाडा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. संस्थानात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले होते आणि तेथील उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला ज्ञानाच्या वरच्या पायऱ्या परक्या भाषेतून चढाव्या लागत. खेड्यापाड्यांत शाळा मोजक्या, सार्वजनिक सभांवर सरकारी परवानगीचा पहारा आणि ग्रंथालयांकडेही संशयाने पाहण्याची राजवटीची रीत. अशा वातावरणात मराठवाड्यातील एक संपूर्ण पिढी शाळेच्या दारापासून दूर राहूनच वयात आली.

शालेय शिक्षण वसमतला झाल्यावर कुरुंदकर हैदराबादला गेले. मराठीचे व्यासंगी अभ्यासक डॉ. ना. गो. नांदापूरकर हे त्यांचे मामा. मामांच्या सहवासात ग्रंथांची गोडी लागली आणि वाचनाला दिशा मिळाली. हैदराबादचा मुक्तिसंग्राम तेव्हा ऐन भरात होता आणि विद्यार्थिदशेतील कुरुंदकरही त्यात ओढले गेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. ज्या वयात इतर मुले क्रमिक पुस्तके पाठ करतात, त्या वयात त्यांनी एक राजवट कोसळताना पाहिली. सत्ता म्हणजे काय, धर्म आणि राजकारण यांचे नाते कसे असते, सामान्य माणूस लढायला का उभा राहतो, हे प्रश्न त्यांना अभ्यासक्रमातून मिळाले नव्हते. ते त्यांच्या डोळ्यांसमोर घडलेले होते.

पुढील काळातील परीक्षांच्या अपयशाचे मर्मही बहुधा येथेच असावे. कुरुंदकर वाचत होते, अहोरात्र वाचत होते. परंतु ते वाचन प्रश्नपत्रिकेच्या चौकटीत मावणारे नव्हते. एका विषयातून दुसऱ्या विषयाकडे त्यांना नेत असे ते त्यांचे कुतूहल. परीक्षेचे वेळापत्रक मात्र कुतूहलासाठी थांबत नसते. इंटर नापास हा शिक्का त्या काळी एखाद्या तरुणाचे भवितव्य मिटवायला पुरेसा होता. कुरुंदकरांनी त्या शिक्क्याला आपल्या बुद्धीचे मोजमाप ठरू दिले नाही. १९५५ मध्ये ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन या शाळेत शिक्षक झाले. नोकरी आणि संसार सांभाळत त्यांनी पुढच्या पदव्या मिळवल्या आणि १९६३ मध्ये ते पीपल्स कॉलेजात अध्यापक म्हणून रुजू झाले. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय व्हावी म्हणून १९५० मध्ये सुरू झालेले हे महाविद्यालय पुढे अखेरपर्यंत त्यांची कर्मभूमी राहिले.

कुरुंदकर नांदेडमध्ये घडत होते, त्याच सुमारास अमेरिकेत प्रौढांच्या शिक्षणाचे स्वतंत्र शास्त्र आकार घेत होते. शिकागो विद्यापीठातील सिरिल हूल यांनी सातत्याने शिकत राहणाऱ्या बावीस प्रौढांच्या मुलाखती घेऊन १९६१ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. काही माणसे नोकरी, बढती, कौशल्य अशा निश्चित उद्दिष्टासाठी शिकतात. काही जण सोबतीसाठी, चार लोकांत मिसळण्यासाठी वर्गात येतात. तिसऱ्या गटातील माणसांना ज्ञान हेच प्रयोजन पुरते. त्यानंतर माल्कम नोल्स यांनी प्रौढ शिक्षणाची तत्त्वे सविस्तर मांडली. प्रौढ माणूस कोरी पाटी नसतो. अनुभवाची शिदोरी बरोबर घेऊन तो येतो. आपण हे का शिकायचे, हे त्याला आधी पटावे लागते. आयुष्यात आज उभा असलेला प्रश्न सुटणार असेल, तर तो मन लावून शिकतो. आणि त्याला सर्वाधिक बळ बाहेरच्या बक्षिसापेक्षा आतल्या ओढीतून मिळते.

हूल यांच्या वर्गवारीतील तिसऱ्या गटाचे उदाहरण शोधायचे तर कुरुंदकरांइतके चपखल उदाहरण मराठीत सहसा सापडणार नाही. परंतु त्यांचे मोठेपण स्वतः शिकण्यापाशी संपत नाही. शाळेची वर्षे हातून निसटलेल्या एका प्रदेशाला त्यांनी वयात आल्यावर शिकवले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मराठवाड्यातील स्त्री-पुरुषांना प्रौढ मताधिकार मिळाला. प्रौढ शिक्षण मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नव्हते. मत देण्याचा अधिकार आणि मत बनवण्याची क्षमता यांत पडलेले हे अंतर भरून काढण्याचे काम ग्रंथालये, अभ्यासमंडळे आणि व्याख्यानमाला यांच्यावर येऊन पडले. महाराष्ट्राला ही परंपरा नवी नव्हती. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्येच सुरू झाली होती. मराठवाड्यात तिची रुजवात उशिरा झाली. ती ज्यांच्या वाणीने फोफावली, त्यांत कुरुंदकरांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांच्या व्याख्यानांना हजेरीपट नव्हता, प्रमाणपत्र नव्हते, परीक्षाही नव्हती. तरीही श्रोते येत आणि दीर्घकाळ बसून ऐकत. कुरुंदकर श्रोत्यांना अज्ञानी समजून उपदेश करत नसत. हाती टिपणे न घेता ते विषय उलगडत नेत. ज्या मताचे खंडन करायचे, ते मत आधी त्याच्या सर्व बळासह मांडत आणि मगच तर्काची एकेक पायरी चढत निष्कर्षाकडे येत. निष्कर्ष श्रोत्याला मान्य झाला नाही, तरी विचार करण्याची रीत त्याच्या हाती लागे. धर्मनिरपेक्षता, जातिव्यवस्था, गांधीहत्या, मुस्लिम राजकारण हे विषय त्या श्रोत्यांच्या रोजच्या जगण्याला भिडलेले होते. रझाकारांचा काळ अनुभवलेल्या मराठवाड्यात हिंदू-मुस्लिम प्रश्नावर शांतपणे बोलणे सोपे नव्हते. कुरुंदकर दोन्ही बाजूंच्या समजुतींना प्रश्न विचारत आणि दोन्हीकडचा रोष पत्करत. ‘जागर’ (१९६९) आणि ‘शिवरात्र’ (१९७०) या लेखसंग्रहांतून हे चिंतन महाराष्ट्रभर पोहोचले. मनुस्मृतीवरील त्यांचे विवेचनही आधी व्याख्यानांतून झाले आणि मग ग्रंथरूपाने वाचकांसमोर आले.

रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ या कादंबरीला लाभलेली त्यांची प्रस्तावना हा प्रौढांच्या शिक्षणाचा आणखी एक नमुना म्हणता येईल. कादंबरीकाराला लिहिलेल्या प्रदीर्घ पत्राच्या रूपातील ही प्रस्तावना पुढे स्वतंत्रपणेही वाचली गेली. शिवाजी महाराजांवरील श्रद्धा प्रत्येक मराठी वाचकाकडे आधीपासूनच असते. कुरुंदकरांनी त्या श्रद्धेला धक्का देण्याऐवजी तिला विचार करायला लावले. महाराजांचे निधन १६८० मध्ये झाले. त्यानंतर औरंगजेब दक्षिणेत उतरला आणि १७०७ मध्ये मरेपर्यंत लढत राहिला. राजा नाही, पुढे राजधानीही नाही, अशा अवस्थेत सामान्य रयत इतकी वर्षे झुंजत राहिली. या झुंजीतच महाराजांच्या कार्याचे खरे मोल दिसते, हा विचार त्यांनी वाचकांपुढे ठेवला. वाचकाला जे ठाऊक आहे, तेथून प्रारंभ करून जे ठाऊक नाही, तेथवर त्याला नेण्याची ही हातोटी होती.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू केला. १५ ते ३५ वयोगटातील दहा कोटी निरक्षरांपर्यंत पोहोचण्याचे त्याचे लक्ष्य होते. अक्षरओळख, व्यावहारिक कौशल्य आणि सामाजिक जाणीव ही त्याची तीन अंगे होती. पहिले अंग मोजता येते, म्हणून अशा योजनांचे अहवाल त्यानेच भरतात. तिसरे अंग मोजता येत नाही. मराठवाड्याच्या सभागृहांतून आणि मैदानांतून कुरुंदकर अनेक वर्षे तेच तिसरे काम कोणत्याही योजनेविना करत आले होते.

त्यांच्या मार्गाची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. व्याख्यान ऐकणाऱ्याला वेळ लागतो आणि पुस्तक वाचणाऱ्याला अक्षर. दिवसभर शेतात राबणारी मजूर स्त्री त्या सभागृहापर्यंत क्वचितच पोहोचत असेल. विचारवंताची वाणी साक्षरतेच्या वर्गाची जागा घेऊ शकत नाही. मात्र अक्षर शिकलेल्या माणसाने पुढे काय वाचावे आणि का वाचावे, याचे उत्तर देणारे कोणी नसेल, तर तो वर्गही लवकरच ओस पडतो.

१० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद येथे एका कार्यक्रमात व्यासपीठावरच हृदयविकाराच्या झटक्याने कुरुंदकरांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उस्मानाबादचे विभाजन होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आला. पुढे परीक्षेतील यशाचा ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर गाजला. आज लातूर आणि नांदेड ही दोन्ही शहरे स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांसाठी ओळखली जातात. दूरदूरच्या गावांतून मुले येथे येतात आणि त्यांतील अनेकांच्या घराचे दैन्य एका गुणपत्रिकेने फिटते. या यशाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु त्याच शहरांत दरवर्षी हजारो मुलांची नावे गुणवत्ता यादीबाहेरही राहतात. आपले शिक्षण येथेच संपले, अशी त्यांची आणि त्यांच्या पालकांची समजूत होते. नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९८९ मध्ये मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. गावोगावी ग्रंथालये आहेत, व्याख्यानमालाही आहेत. दारे पूर्वीपेक्षा अधिक उघडी आहेत. त्या दारांपर्यंत माणूस येतो, तो आतल्या प्रश्नाच्या ओढीने. इंटरच्या निकालपत्राने ज्याला नाकारले, त्या कुरुंद्याच्या तरुणाजवळ पदवी नव्हती, पैसा नव्हता. प्रश्न मात्र होते. मराठवाड्याच्या एका पिढीला त्याने तेच प्रश्न विचारायला शिकवले.