देशाच्या प्रयोगशाळांची नाडी पाहणारा शास्त्रज्ञ

रत्नदुर्गावर भगवतीच्या देवळापर्यंत भरभर चढून गेले, की वर जाऊन बसल्यावरही काही वेळ धाप लागलेली असते. पाय थांबतात, श्वास मात्र थांबत नाही. चढताना स्नायूंनी केलेली प्राणवायूची उधारी शरीर फेडत असते. हे 'प्राणवायूचे ऋण' सांगणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ म्हणजे आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल. त्यांच्या स्पष्टीकरणात पुढे बरीच दुरुस्ती झाली, पण शब्द टिकला. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला हिल यांचे नाव प्रत्येकाच्या कानावर पडते. दिल्लीच्या 'एम्स'च्या पायाभरणीत त्यांचा वाटा होता, हे मात्र डॉक्टरांनाही सहसा ठाऊक नसते.

हिल यांचा जन्म १८८६ साली ब्रिस्टलला झाला. केंब्रिजला त्यांनी आधी गणित केले, मग ते शरीरक्रियाशास्त्राकडे वळले. बेडकाच्या पायाचा स्नायू आकसताना त्याचे तापमान अंशाच्या काही हजारांश भागाने वाढते. ही इवलीशी ऊब त्यांनी चिकाटीने मोजली. १९२२ चे नोबेल पारितोषिक त्यांना जर्मनीच्या ओटो मायरहोफ यांच्यासह मिळाले. हिटलर सत्तेवर आल्यावर परागंदा व्हावे लागलेल्या प्राध्यापकांना ब्रिटनमध्ये आसरा मिळवून देण्यासाठीही ते झटले. दुसरे महायुद्ध दिसू लागले तेव्हा ते रॉयल सोसायटीचे सचिव होते. कोणता शास्त्रज्ञ कुठे आहे आणि त्याला काय येते, याची देशव्यापी नोंदवही तयार करण्यात त्यांनी पुढाकार घेतला.

मोजल्याशिवाय बोलायचे नाही, ही सवय घेऊनच हिल नोव्हेंबर १९४३ मध्ये भारतात आले. युद्ध चालू होते, बंगालमध्ये माणसे भुकेने मरत होती. अशा काळात सरकारने त्यांना देशातील वैज्ञानिक संशोधनाची पाहणी करायला बोलावले होते. मुंबईची हाफकिन संस्था, कोलकात्याचे उष्णकटिबंधीय रोगांचे विद्यालय, बंगळुरूची विज्ञान संस्था, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा अशी चांगली केंद्रे देशात होती. पण शेती एका खात्याकडे, आरोग्य दुसऱ्याकडे, भूगर्भ तिसऱ्याकडे, आणि त्यांना जोडणारा दुवा नाही. सुमारे पाच महिने फिरून हिल परतले आणि त्यांचा अहवाल सादर झाला.

आरोग्य, अन्न, लोकसंख्या आणि नैसर्गिक साधनसंपत्ती हे चारही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, तेव्हा एकाला सोडून दुसऱ्यावर पैसा ओतून भागणार नाही, असे त्यांचे निदान होते. वैद्यक, शेती, उद्योग, अभियांत्रिकी, युद्धसंशोधन आणि साधनसंपत्तीची पाहणी अशी सहा मंडळे एका मध्यवर्ती संघटनेखाली असावीत, असे त्यांनी सुचवले. तशी एकच संघटना काही झाली नाही. खाती वेगळी ती वेगळीच राहिली.

वैद्यकाबाबतची सूचना मात्र रुजली. शिक्षण आणि संशोधन एकाच छताखाली करणारे अखिल भारतीय केंद्र हवे, हा विचार भोर समितीने १९४६ च्या अहवालात उचलून धरला आणि १९५६ च्या कायद्याने 'एम्स'ला स्वायत्त संस्थेचे रूप मिळाले. तिथले प्राध्यापक पूर्णवेळ असतात, त्यांना खासगी प्रॅक्टिस करता येत नाही. सकाळी शिकवायचे आणि संध्याकाळी स्वतःचा दवाखाना, अशा धबडग्यात संशोधन कधी होणार?

संस्थांवरून केलेल्या पाहणीला एक मर्यादा असतेच. जिथे संस्थाच नाही, तिथला प्रश्न तिच्यात सापडत नाही. कोकणात विंचूदंशाने मुले दगावत. त्यावर प्राझोसिनचा उपयोग पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात रुग्णांवर उपचार करता करता दाखवला. तेथे ना मोठी प्रयोगशाळा होती, ना मोठे अनुदान. असे काम कोणत्याही नकाशावर आधी दाखवता आले नसते.

युद्धानंतर हिल पुन्हा बेडकाच्या स्नायूंकडे वळले. निवृत्तीनंतरही ते मोजमापे घेत राहिले. १९७७ साली केंब्रिजला, वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.