तुरीचं ‘कल्चर’ आणि विषाणू, दोन्हींच्या मागे एकच तऱ्हेवाईक माणूस

बीडहून सोलापूरकडे निघालं की वाटेत चौसाळा लागतं. या पट्ट्यात पेरणीआधी तूर-सोयाबीनच्या बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवलेलं रायझोबियमचं कल्चर चोळतात. मुळांवरच्या गाठींतला हा जिवाणू १८८८ साली पहिल्यांदा वेगळा काढला तो मार्टिनस बायरिंक या डच माणसानं. आणि ज्यामुळे तुरीवर वांझ रोग पडतो, त्या विषाणूची कल्पनाही मुळात त्याचीच.

जन्म १८५१, ॲमस्टरडॅम. वडील तंबाखूचे व्यापारी. धंदा बुडाला आणि त्यांना रेल्वेत कारकुनी धरावी लागली. पुढे मुलासमोर तंबाखूच आली, पण रोगट. वागेनिंगेनला शिकवत असताना सहकारी अडॉल्फ मायर तंबाखूच्या चट्ट्यांवर काम करत होता. बायरिंकनं त्यात जिवाणू शोधला, सापडला नाही. ते अपयश डोक्यात राहिलं.

डेल्फ्टला प्राध्यापक झाल्यावर त्यानं विषय परत काढला. रोगट पानांचा रस चिनी मातीच्या गाळणीतून काढला. जिवाणू वरच अडकले, तरी खालच्या रसानं निरोगी झाड आजारी पडलं. त्या झाडाचा रस पुढच्या झाडाला, त्याचा त्याच्या पुढच्याला. नुसतं विष असतं तर पातळ होत संपलं असतं. इथं ते झाडात वाढत होतं, तेही कोवळ्या, वाढत्या भागातच! १८९८ साली त्यानं याला जिवंत संसर्गजन्य द्रव म्हटलं, ‘व्हायरस’ म्हटलं. रशियात इवानोव्स्कीनं गाळणीचा प्रयोग १८९२ मध्येच केला होता. हे कळल्यावर बायरिंकनं त्याचा मान त्याला दिला. द्रव म्हणण्यात मात्र तो चुकला, विषाणू हे कण निघाले.

माणूस अवघड. लग्न केलं नाही, विद्यार्थ्यांना फाडून खायचा. १९२१ मध्ये निवृत्त होऊन बहिणींसोबत खेड्यात राहिला आणि १ जानेवारी १९३१ ला गेला.

पुढे त्याच्या प्रयोगाला हुलकावणी देणारे विषाणूही सापडले. पार्टिटिव्हिरिडी या कुळातले बघा. यांचा आरएनए दुहेरी पेडाचा, दोन तुकड्यांत, आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या कणात. झाडावर बहुधा चट्टा नाही, सुकणं नाही. रस चोळून लागण होत नाही. बियाण्यातून आणि परागातून ते गुपचूप पुढच्या पिढीत जातात. बायरिंकनं असल्या झाडाचा रस कितीही गाळला असता, तरी शेजारचं झाड हिरवंगारच राहिलं असतं.