पंडिता रमाबाई : दुसऱ्यांची ओझी वाहताना

हैदराबादहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीने आपल्यापैकी पुष्कळांनी प्रवास केला असेल. वाडी, गुलबर्गा, सोलापूर ही स्थानके मागे पडतात, दौंड येते, आणि पुण्याच्या अलीकडे केडगाव नावाचे लहानसे स्टेशन खिडकीतून निघून जाते. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन ते येथलेच. शब्बाथ शाळेत रमाबाईंची गोष्ट आपण सांगतो ती बहुधा अशी की, ऐकणाऱ्या मुलांना त्या पोलादाच्या बनलेल्या होत्या असे वाटावे. परंतु याच रमाबाईंच्या आयुष्यात असाही एक काळ होता की, रात्री त्यांना खोलीत एकटे झोपवत नसे. ही हकीकत आपण मुलांना सांगत नाही.

मला ती अलीकडे पुन्हा आठवली त्यास कारण घडले. मनोरुग्णांची शुश्रूषा करणारी एक भगिनी उपासनेनंतर मला भेटली. दिवसभर रुग्णांचे दुःख ऐकून आपले मन बधिर होते, घरी आल्यावर पोटच्या मुलांशीही बोलावेसे वाटत नाही, आणि मग रात्री उगाच रडू येते, तर आपला विश्वास कमी पडतो काय, असे तिने विचारले. मी तिला अधिक प्रार्थना करावयास सांगितले व निरोप दिला. घरी आल्यावर मला माझ्या उत्तराची लाज वाटली. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा देवदूताने त्याला प्रथम भाकर व पाणी दिले होते आणि झोपू दिले होते, हे मी स्वतः कितीदा तरी शिकविले आहे!

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथल्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविले, म्हणून लोकांचा रोष पत्करला होता. आईने तीच विद्या मुलीला दिली. पुढे घरदार सुटले आणि हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरू लागले. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा जवळचे सर्व संपले. भीक मागावयाची नाही आणि मजुरीची सवय नाही. रानात अकरा दिवस पाणी, झाडाची पाने व मूठभर रानखजूर यांवर त्यांनी काढले. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई गेली. आईचे प्रेत उचलावयास गावातील ब्राह्मण पुढे येईनात. शेवटी दोघांना दया आली. तिसरा खांदा भाऊ श्रीनिवास याने दिला आणि चौथा रमाबाईंनी. त्या ठेंगण्या, म्हणून तिरडीचा आपला भार त्यांना डोक्यावर घ्यावा लागला. स्मशान सुमारे तीन मैल दूर होते. वय सोळा वर्षांचे. पुढे थोरली बहीणही पटकीने गेली.

उरलेली दोघे भावंडे हजारो मैल पायी फिरली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरूण नव्हते, तेव्हा वाळूत खड्डे खणून, तोंड तेवढे उघडे ठेवून, त्यांनी अंगावर वाळू ओढून घेतली. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथे पंडिता व सरस्वती या पदव्या मिळाल्या, हे सर्वांस ठाऊक आहे. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले; १८८१ साली मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. आठ वर्षांत पाच मरणे! पुण्यास येऊन रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, आणि वैद्यकी शिकावी या हेतूने १८८३ साली लहानग्या मनोरमेसह त्या इंग्लंडास गेल्या. सोबतीला आनंदीबाई भगत ही मराठी स्त्री होती.

वांटेज या गावी भगिनीसंघाच्या आश्रयास त्या राहिल्या. आपल्याला बळजबरीने बाटवतील, अशी भीती आनंदीबाईंच्या मनाने घेतली. परका देश, परकी भाषा आणि ती भीती, यांत त्यांच्या मनाचा तोल गेला. प्राध्यापक मॅक्सम्युलर यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, बाप्तिस्म्यापासून वाचवावे म्हणून त्यांनी एका रात्री रमाबाईंचाच गळा दाबण्याचा यत्न केला, आणि त्यानंतर स्वतःचा अंत करून घेतला. पुढे रमाबाई ऑक्सफर्डला मॅक्सम्युलर यांच्या घरी राहिल्या तेव्हा त्या इतक्या खचल्या होत्या की, रात्री त्यांच्या खोलीत एका दासीला निजवावे लागे.

रानातली भूक सोसली, आईची तिरडी डोक्यावर घेतली, तेव्हा ज्या डगमगल्या नाहीत त्या येथे खचल्या. मला यात नवल वाटत नाही. आजवरची मरणे दुष्काळाने व रोगाने आणली होती. हे मरण सोबतिणीचे, एकाच छपराखालचे. ज्याची जबाबदारी आपल्यावर आहे असे आपण मानतो, तो आपल्या देखत हातचा गेला म्हणजे काय होते, हे शुश्रूषा करणाऱ्यांनाच विचारावे. आणि उपाय पाहा. सोबतीला एक माणूस झोपले, एवढेच. त्या दासीचे नाव कोणाच्या स्मरणात नाही. पण मुक्तिसदनाचा इतिहास लिहिताना तिला एक ओळ द्यावी असे मला फार वाटते.

त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी रमाबाईंचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्म्याने सारी दुखणी पळाली असे मात्र झाले नाही. कानांनी दगा दिला, बहिरेपण वाढले आणि वैद्यकीचा बेत सोडावा लागला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या व संस्कृत शिकवू लागल्या. १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास अमेरिकेला गेल्या, तेथे विधवांसाठी मदत उभी केली, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले.

१८९३ साली त्यांच्यावर दुसरा घाव पडला. सदनातील मुलींना ख्रिस्ती करण्यात येते अशी केसरीने झोड उठविली. रानडे व भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पंचवीसएक मुली पालकांनी काढून नेल्या. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे होते, तो वाद येथे नको. परंतु रात्रंदिवस ज्यांच्यासाठी खपावे त्यांच्याच घरच्यांनी दोष द्यावा, हा अनुभव वसतिगृह चालविणाऱ्यांना नवा नाही. रमाबाईंनी सदन बंद केले नाही. उरलेल्या मुलींचे शिक्षण चालू राहिले.

आणि मग १८९६ चा दुष्काळ. मध्य प्रांतातील बातम्या वाचताना आपले लहानपणचे दिवस आठवले, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. दुसऱ्याच्या दुःखाने आपली जुनी जखम पुन्हा वाहू लागते, असे ते दुःख होते. तरी त्या गेल्या. दुष्काळी छावण्यांतून त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून शारदा सदनाच्या उत्पन्नाकरिता केडगावी घेतलेल्या शेतजमिनीवर तंबू ठोकले. अंगावर हाडेच उरलेल्या, व्रणांनी भरलेल्या, छळ सोसून आलेल्या मुली! आणल्यावरही कित्येक दगावल्या.

येथे वांटेजची आठवण त्यांच्या उपयोगी पडली की काय, हे माझे केवळ अनुमान. पण रमाबाईंनी हे ओझे एकट्याने उचलले नाही. शारदा सदनात शिकलेल्या विधवांनाच त्यांनी या मुलींवर शिक्षिका व मेट्रन म्हणून नेमले. एकेक गट एकेकीच्या हाती दिला. इथ्रोने मोशेला सांगितलेली युक्ती ती हीच. आणखी पाहा, १८९८ च्या आरंभी, दुष्काळाची धग पुरती निवली नसताना, त्या सर्व कारभार सुंदराबाई पवार व मिनी अब्राम्स यांच्यावर सोपवून कित्येक महिने अमेरिकेस गेल्या. आपल्यावाचून काम बुडेल असे समजून एक रविवारही सुटी न घेणारे आपण, आपणांस हे जमेल काय? मला तरी जमलेले नाही.

१९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला आणि मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल लिपी व वेतकाम, असे नाना उद्योग निघाले. दुःख भोगून आलेल्या मुलीला नुसते रडत बसू द्यायचे नाही आणि रडू नको असेही म्हणायचे नाही. तिच्या हाती काम द्यायचे व शेजारी माणूस द्यायचे, अशी तेथली रीत दिसते.

स्वतःसाठी रमाबाईंनी निराळे काम राखून ठेवले होते. उतारवयात त्या इब्री व ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर करू लागल्या. दोन हजार माणसांच्या संसारात हे वेळ दवडणे आहे असे कोणास वाटले असेल, तर मी त्याच्याशी सहमत नाही. दिवसातील काही घटका कोणाचेही दुःख न ऐकता एका शब्दाचा नेमका अर्थ शोधीत बसणे, यात मनाला विसावा असतो. बहिरेपणाचाही तेथे अडथळा नव्हता.

आपल्या हैदराबादकडे त्यांचा हात पोहोचला तो मनोरमेमुळे. तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, १९१२ च्या सुमारास मुलींची शाळा निघाली ती आईच्या मदतीने व मुलीच्या कष्टाने. आपल्यामागे मनोरमा सर्व सांभाळील अशी रमाबाईंची आशा होती. २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, मनोरमा गेली. ज्या लेकराला पोटाशी घेऊन त्या परदेशी गेल्या होत्या, तेच शेवटी आधी गेले.

रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, प्रकृती ढासळलेली. भाषांतराची मुद्रिते तपासावयाची राहिली होती. ती त्यांनी पुरी केली. ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच त्यांचे प्राण गेले. ग्रंथ छापून निघाला १९२४ साली, मुक्तीच्याच छापखान्यात. त्याचे खिळे जुळविणारे व पाने शिवणारे हात तेथल्याच मुलींचे होते.