सवाई मानसिंह : दत्तक आलेला खेळाडू राजा

जयपुरात राहणाऱ्या मराठी माणसाची खरी परीक्षा कबड्डीच्या अंतिम सामन्याच्या रात्री होते. ३१ ऑगस्ट २०१४ रोजी प्रो कबड्डीच्या पहिल्याच स्पर्धेचा अंतिम सामना मुंबईत झाला, तेव्हा एका बाजूला जयपूरचा पिंक पँथर्स संघ होता आणि दुसऱ्या बाजूला यू मुंबा. आमच्या घरात त्या रात्री दोन तट पडले. आम्ही उभयता मुंबईच्या बाजूचे. ह्याच शहरात जन्मलेला नि वाढलेला आमचा मुलगा जयपूरच्या बाजूचा. जयपूरने सामना ३५-२४ असा जिंकला. १७ डिसेंबर २०२२ रोजी पुन्हा तोच प्रसंग आला. ह्या वेळी समोर पुणेरी पलटण होती, आणि जयपूरने ३३-२९ असा विजय मिळवला. त्या दुसऱ्या रात्री मात्र आपण नक्की कोणाच्या बाजूचे आहोत, हे आम्हांला छातीठोकपणे सांगता येईना.

पिंक पँथर्सचे जयपुरातील सामने ज्या क्रीडासंकुलात होतात, त्याला सवाई मानसिंहांचे नाव आहे. २००८ साली आयपीएलची पहिली स्पर्धा जिंकणाऱ्या राजस्थान रॉयल्सचे घरचे मैदानही तेच. १९८७ साली पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीत सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर सुनील गावसकर बाद झाले, तेही तेथेच. तिकिटावर ‘एस. एम. एस.’ ही तीन अक्षरे आपण सारेच वाचतो. त्यांमागचा माणूस मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असतो. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्याची ओळख करून घेणे उचित होईल, असे आम्हांला वाटले.

मानसिंहांचा जन्म जयपूरच्या राजवाड्यात झाला नाही. २१ ऑगस्ट १९१२ रोजी जयपूर संस्थानातील ईसरदा ह्या ठिकाण्याच्या ठाकुरांच्या घरी ते जन्मले. ते धाकटे पुत्र. त्यांचे पाळण्यातले नाव मोरमुकुटसिंह. जयपूरचे महाराज माधोसिंह हे स्वतः ईसरद्याहूनच दत्तक आलेले होते, आणि त्यांनाही गादीला वारस हवा होता. २४ मार्च १९२१ रोजी त्यांनी ह्या मुलाला दत्तक घेतले. तेव्हा त्याला नऊ वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. गाव सुटले, आईचे घर सुटले आणि नावही बदलले. दीड वर्षाने माधोसिंह निवर्तले आणि दहा वर्षांचा मुलगा एका मोठ्या संस्थानचा राजा झाला. राज्य हाती येण्यापूर्वी त्याने काय गमावले, ह्याची नोंद दरबारी कागदपत्रांत कोण ठेवणार? परंतु परक्या गावी पहिली रात्र काढलेल्या प्रत्येकाला त्याची कल्पना येऊ शकेल.

१९२४ च्या जानेवारीत, वयाच्या बाराव्या वर्षी, जोधपूरच्या महाराजांच्या भगिनीशी त्यांचा विवाह झाला. ह्या सोयरिकीचा परिणाम राजकारणापेक्षाही क्रीडांगणावर अधिक झाला, असे म्हणावयास हरकत नाही. जोधपूर ही त्या काळी पोलोची पंढरी होती. अजमेरचे मेयो कॉलेज, मग इंग्लंडमधील वुलिच येथील लष्करी अकादमी, असे मानसिंहांचे शिक्षण झाले. घोड्यावरची मांड मात्र ह्या राजस्थानी मातीतच पक्की झाली. १९३१ साली राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार हाती येईतो ते कसलेले खेळाडू झाले होते.

पोलो हा आपल्या घरोघरचा खेळ नव्हे, म्हणून दोन शब्द सांगणे अवश्य आहे. प्रत्येक बाजूला चार घोडेस्वार असतात. हातातल्या लांब काठीने लाकडी चेंडू गोलाकडे मारावयाचा. खेळाच्या सुमारे सात मिनिटांच्या डावाला चक्कर म्हणतात; एका चकरीत घोडा इतका दमतो की पुढच्या चकरीला दुसरा घोडा घ्यावा लागतो. मारलेला चेंडू ज्या रेषेत जातो, ती रेषा दुसऱ्याने धोका निर्माण होईल अशा रीतीने ओलांडावयाची नाही, हा खेळातला मूलभूत नियम. भरधाव घोड्यांच्या ह्या खेळात तो मोडणे म्हणजे जिवाशीच गाठ. तेथे महाराज आणि सरदार असा भेद नाही. प्रत्येक खेळाडूचा दर्जा उणे दोनपासून दहापर्यंतच्या आकड्याने ठरतो, आणि तो आकडा वंशपरंपरेने मिळत नाही. ज्या मुलाला सर्व काही दत्तकविधानाने मिळाले, त्याला स्वकष्टाने मिळवता येण्यासारखी ही एकच गोष्ट असावी. पोलोवरील त्यांच्या जन्मभरच्या प्रेमाचे मूळ आम्हांला येथे दिसते.

१९३३ साली जयपूरचा संघ आपले घोडे आगबोटीवर चढवून इंग्लंडला गेला. स्वतः मानसिंह, राव राजा हनुतसिंह, राव राजा अभयसिंह आणि बारियाचे पृथीसिंह असे चौघे जण त्यात होते. हनुतसिंहांची गणना तर जगातील अग्रगण्य खेळाडूंत होत असे. ज्या देशाचे आपल्यावर राज्य होते, त्याच देशाच्या हिरवळीवर ह्या चौघांनी त्या मोसमातील प्रमुख स्पर्धा एकामागून एक जिंकल्या. जयपूर स्टेशनाजवळच्या ज्या भागाला रिक्षावाले ‘पोलो विक्ट्री’ म्हणतात, त्या नावात पोलोतील पराक्रमाचीच आठवण आहे. आपल्यापैकी कितीतरी जण महाराष्ट्रातून आल्यावर तेथूनच रिक्षाने घरी गेले असतील!

मराठी वाचकाला अधिक जवळचा धागाही पोलोनेच जुळवला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या इंदिराराजे ह्यांचा विवाह ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरला होता. तो मोडून त्यांनी १९१३ साली कुचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी लग्न केले, ही कथा सुपरिचित आहे. त्यांच्या कलकत्त्याच्या घरी पोलोच्या हंगामात तरुण मानसिंह उतरत असत. तेथे त्यांनी इंदिराराजांच्या कन्या गायत्रीदेवींना प्रथम पाहिले, तेव्हा त्या लहान होत्या. ९ मे १९४० रोजी त्यांचा विवाह झाला. महाराजांचे हे तिसरे लग्न. आधीच्या दोन्ही राण्या हयात होत्या, हेही सांगितले पाहिजे. अशा रीतीने सयाजीरावांची नात जयपूरची महाराणी झाली. १९६२ साली जयपूरच्या मतदारांनी तिला प्रचंड मताधिक्याने लोकसभेवर निवडून दिले.

चरित्र म्हणजे स्तोत्र नव्हे. घोड्यांचे तबेले, मोतद्दार आणि विलायतेच्या सफरी ह्यांचा भार संस्थानच्या उत्पन्नावर होता, आणि ते उत्पन्न कोरडवाहू शेतकऱ्याच्या घामातून येत होते. हा खेळ थोड्यांचा होता. बाकीच्यांनी तो कडेला उभे राहून पाहावयाचा होता. तथापि त्यांच्याच कारकिर्दीत जयपुरात विद्यापीठ आणि वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि त्यांचे नाव लाभलेल्या रुग्णालयात आज राज्यभरातून रुग्ण येतात, हेही तितकेच खरे.

३० मार्च १९४९ रोजी सरदार पटेलांच्या उपस्थितीत बृहद् राजस्थानची स्थापना झाली आणि जयपूरचे राज्य त्यात विलीन झाले. मानसिंह राजप्रमुख झाले. १९५६ मध्ये तेही पद संपुष्टात आले. पुढच्या वर्षी त्यांनी राहत्या रामबाग राजवाड्याचे हॉटेल केले. लहानपणी एक घर सुटले होते, आता दुसरे सुटले. १९५७ सालीच फ्रान्समधील दोविल येथे भारतीय संघाने पोलोचा सुवर्णचषक जिंकला, त्या विजयाशीही त्यांचे नाव निगडित आहे. पुढे ते राज्यसभेवर गेले आणि १९६५ साली स्पेनमध्ये भारताचे राजदूत झाले.

संस्थाने गेली, तेव्हा पोलोही जाणार असे अनेकांना वाटले होते. तो राहिला, त्याचे मोठे श्रेय लष्कराकडे जाते. १९५३ साली संस्थानी घोडदळांतून ६१ वे कॅव्हलरी दल उभे राहिले. त्यात जोधपूर-कछवाहा घोडदळ आणि म्हैसूरचे स्वार होते, तसेच शिंद्यांचे ग्वाल्हेर लान्सर्सही होते. हे दल पुढे जयपुरास स्थिरावले आणि त्याने अनेक नामवंत पोलोपटू दिले. म्हणजे जयपूरच्या पोलोत मराठी रिकिबीचाही थोडासा खणखणाट आहे.

२४ जून १९७० रोजी इंग्लंडमधील सिरेन्सेस्टर येथे पोलोच्या मैदानावरच मानसिंह कोसळले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. त्यांनी साठीही गाठलेली नव्हती. त्यांचे पार्थिव जयपुरास आणण्यात आले आणि गैटोर येथे पूर्वीच्या राजांशेजारी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. राज्य जाऊन एकवीस वर्षे झाली होती. तरीही अंत्ययात्रेला सारे शहर लोटले होते. ईसरद्याचा तो मुलगा आता कोणालाही दत्तक वाटत नव्हता.

आमचीही एक प्रकारे हीच गत. बदलीच्या नोकरीत दोन वर्षांसाठी म्हणून आलो आणि येथेच रुजलो. ज्या गावाने आपल्याला पदरात घेतले, त्याच्या विजयाने हरखून जाण्यात जन्मगावाशी प्रतारणा नाही, हे मानसिंहांच्या चरित्राने आम्हांला पटवले. जयपूर आणि पुणे पुन्हा अंतिम सामन्यात समोरासमोर आले, तर आम्ही मुलाच्या शेजारी बसू. पुण्याची पकड चांगली झाली की हात टाळी वाजवतीलच. पण जयपूर जिंकले, तर त्या रात्री आमच्या घरात हरलेला तट कोणताच नसेल.